पळणाऱ्यांची बिअर: हिशेब कुठे चुकतो?

साताऱ्यात पहाटे पळणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. २०१२ साली येथे सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागायचे आणि परत शहरात यायचे, अशी ही २१ किलोमीटरची शर्यत. तिने भल्याभल्यांना अंथरुणातून उठवले. रविवारी उजाडताना घाटात गेलात तर शिक्षक, वकील, दुकानदार, बँकेतले कर्मचारी, सासवा-सुना सगळे घामाघूम दिसतात. माझ्यासारख्या डॉक्टरला याहून समाधानाची गोष्ट नाही.

पण अलीकडे याच मंडळींकडून एक प्रश्न दवाखान्यात दबक्या आवाजात विचारला जातो. "डॉक्टर, आठवड्याला तीस किलोमीटर पळतो. मग शनिवारी पुण्याला मुलाकडे गेल्यावर दोन ग्लास क्राफ्ट बिअर घेतली तर बिघडले कुठे?" आवाज दबका असतो, कारण आपल्याकडे 'पिणे' या शब्दाला एकच अर्थ चिकटला आहे. विचारणारा माणूस मात्र व्यसनी नसतो. त्याला पळणे आवडते, बिअरची चवही आवडते, आणि दोन्ही एका घरात नांदतील का, एवढेच त्याला जाणून घ्यायचे असते.

प्रश्न मला परका नाही. मी स्वतः पंधरा वर्षे पळतो आहे आणि चांगली बिअर मलाही आवडते. तेव्हा कीर्तन करण्याचा अधिकार मला नाही. हिशेब मात्र सांगता येतो.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट करतो. जे घेत नाहीत त्यांनी हा लेख वाचून सुरुवात करू नये. मद्य कर्करोगाला कारणीभूत होते, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच जाहीर केले. जानेवारी २०२३ मध्ये संघटनेने पुन्हा बजावले की, अजिबात धोका नाही असे मद्याचे कोणतेही प्रमाण नाही. बिअर हे टॉनिक नाही. आवडते म्हणून लोक घेतात, इतकेच.

आता ही क्राफ्ट बिअर काय चीज आहे ते पाहू. मोठ्या कारखान्याऐवजी छोट्या भट्टीत, थोड्या थोड्या प्रमाणात बनवलेली बिअर म्हणजे क्राफ्ट बिअर. भट्टी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर ओढ्याकाठची हातभट्टी येते, पण हे प्रकरण निराळे. नाचणीला मोड आणून सत्त्व करतात, तसे येथे सातूला मोड आणून वाळवतात. तो भरडून गरम पाण्यात ठेवला की त्याची गोडी पाण्यात उतरते. मग ते पाणी हॉप्स नावाच्या वेलीची फुले घालून उकळतात. कडवटपणा आणि सुगंध या फुलांचा. निवल्यावर यीस्ट घातले की ते साखर खाते आणि मद्यार्क व वायू तयार करते. पुण्यात २००९ साली 'डूलाली'ने अशी जागा सुरू केली आणि पाठोपाठ इतर आल्या. गव्हाची गढूळसर बिअर, कडवट आयपीए, भाजलेल्या धान्याची काळी स्टाउट असे प्रकार तेथे फळ्यावर लिहिलेले असतात. नावापुढे मद्यार्काची टक्केवारी असते. आमची मंडळी नाव वाचतात, किंमत वाचतात, टक्केवारी वाचत नाहीत. सगळा घोटाळा तिथून सुरू होतो.

किती मिलिलिटर प्यायलो याला फारसा अर्थ नाही. मद्यार्क किती ग्रॅम गेला ते पाहावे. पाच टक्क्यांच्या बिअरचा अर्ध्या लिटरचा ग्लास घेतला तर त्यात २५ मिलिलिटर, म्हणजे सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. नऊ टक्क्यांच्या बेल्जियन पद्धतीच्या बिअरचा ३३० मिलिलिटरचा लहान ग्लास घेतला तर सुमारे २४ ग्रॅम. म्हणजे लहान ग्लास मोठ्या ग्लासला मागे टाकतो! आणि आपल्याकडे दुकानात मिळणारी आठ टक्क्यांची 'स्ट्राँग' बिअर, ६५० मिलिलिटरची एक बाटली, तब्बल ४१ ग्रॅमची. "मी फक्त बिअर घेतो" असे अभिमानाने सांगणाऱ्याने हा आकडा लक्षात ठेवावा.

आता पळणाऱ्यांचा लाडका हिशेब. सत्तर किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर पळाला की ढोबळमानाने सत्तर उष्मांक खर्च होतात. पाच टक्क्यांच्या अर्ध्या लिटर बिअरमध्ये दोनशेच्या आसपास उष्मांक असतात. म्हणजे तीन किलोमीटरला एक ग्लास. दहा किलोमीटर पळालो, तीन ग्लास वसूल! (सोबतच्या मसाला शेंगदाण्यांचा हिशेब कोणी धरत नाही. शंभर ग्रॅम शेंगदाणे म्हणजे जवळजवळ सहाशे उष्मांक.)

गणित बरोबर आहे, पण ते चुकीच्या खात्यावर मांडलेले आहे. उष्मांक पळून खर्च करता येतात. मद्यार्क पळून खर्च होत नाही. तो बहुतांशी यकृतात मोडला जातो आणि यकृत आपल्या गतीने काम करते, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम. घामावाटे आणि श्वासावाटे जाणारा भाग अगदी थोडा. तुम्ही पळा, गार पाण्याने आंघोळ करा, कडक कॉफी घ्या, यकृताला घाई होत नाही. रात्री दहापर्यंत स्ट्राँगच्या दोन बाटल्या रिचवणाऱ्याच्या अंगात ८२ ग्रॅम मद्यार्क गेलेला असतो. तो उतरायला आठ ते बारा तास हवेत. पहाटे पाचला बुटाची नाडी बांधताना त्याला वाटते की रात्रीची गोष्ट रात्री संपली, पण रक्तात ती चालूच असते. त्यात झोप मोडलेली, कारण मद्याने डोळा लवकर लागतो आणि उत्तररात्री झोप तुटते. लघवीला जास्त झाल्याने अंगातले पाणी कमी झालेले असते, आणि अशा शरीराने घाट चढायचा असतो.

हृदयाचेही ऐका. सुट्टीत भरपूर पिऊन आलेल्या, एरवी निरोगी दिसणाऱ्या लोकांमध्ये हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडते, हे अमेरिकेतल्या डॉक्टरांनी १९७८ साली नोंदवले आणि त्याला 'हॉलिडे हार्ट' असे नाव दिले. २०१५ साली जर्मनीत म्युनिकच्या प्रसिद्ध बिअर महोत्सवात डॉक्टरांनी तीन हजारांहून अधिक लोकांचा जागेवरच कार्डिओग्राम काढला. सुमारे तीस टक्के लोकांत ठोक्यांचा काही ना काही दोष आढळला. त्यातील बहुतेकांचे ठोके नुसते जलद होते, हे खरे. पण आधीच जलद चालणाऱ्या हृदयाला दुसऱ्या दिवशी सकाळी शर्यतीत उतरवण्याचे काय कारण?

पळणे आणि बिअर यांची सोयरीक तशी जुनी आहे. १९३८ साली क्वालालंपूरमधील काही इंग्रज मंडळींनी 'हॅश हाउस हॅरियर्स' नावाचा गट काढला. एकाने कागदाचे कपटे टाकत पुढे पळायचे, बाकीच्यांनी माग काढायचा आणि शेवटी सर्वांनी बिअर प्यायची, असा त्यांचा खेळ. त्याच्या शाखा आज जगभर आहेत. अमेरिकेत २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दीडशे माणसांच्या रोजच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्या दिवशी व्यायाम जास्त त्या दिवशी मद्यही जास्त, असे दिसले. मला त्याचे नवल वाटत नाही. कष्ट केले की बक्षीस हवे असे मनाला वाटते. उपवास सोडताना आपण साबुदाण्याच्या खिचडीचे काय करतो ते आठवा.

मग पळून आल्यावर बिअर घेतली तर? 'बिअरमध्ये पाणीच असते, तहान भागते' हे मी अनेकदा ऐकतो. स्कॉटलंडमधील संशोधकांनी १९९७ साली हे तपासले. व्यायामाने घाम गाळलेल्या लोकांना शून्य, एक, दोन आणि चार टक्के मद्यार्काची पेये दिली. चार टक्क्यांच्या पेयाने लघवी वाढली आणि अंगातले पाणी भरून यायला उशीर लागला. शून्य मद्यार्काच्या बिअरची गोष्ट वेगळी. म्युनिकच्या २००९ सालच्या मॅरेथॉनच्या आधी आणि नंतर काही आठवडे २७७ धावपटूंवर प्रयोग झाला. त्यात अशी गव्हाची बिअर रोज पिणाऱ्यांना सर्दी-घशाचे विकार कमी झाले. या अभ्यासाला एका बिअर कंपनीचे साहाय्य होते, हेही वाचकांना माहीत असावे. स्नायूंबाबत ऑस्ट्रेलियातला २०१४ सालचा अभ्यास बोलका आहे. जोरदार व्यायामानंतर खूप मद्य घेतले तर स्नायूंची डागडुजी प्रथिने घेऊनही सुमारे २४ टक्क्यांनी मंदावली. ते मद्य दहा-बारा पेगांइतके होते. एका ग्लासाने तितके होणार नाही, पण दिशा कळते.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

माझा एक रुग्ण आहे, वय बावन्न. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिनच्या गोळ्या घेणारा. पळायला लागल्यापासून त्याची साखर छान आटोक्यात आली. गेल्या वर्षी एका रविवारी तो सकाळी सोळा किलोमीटर पळाला, दुपारी वजनाच्या काळजीने अर्धी भाकरी खाल्ली, संध्याकाळी पुण्यात मुलाबरोबर तीन ग्लास बिअर घेतली आणि नेहमीची गोळी घेऊन झोपला. रात्री दोनला तो घामाने थबथबलेला, असंबद्ध बडबडत होता. तोंडाला बिअरचा वास. मुलगा म्हणाला, "बाबांना चढली आहे, झोपू द्या." सुनेला मात्र राहवले नाही. तिने सासऱ्यांच्याच यंत्रावर बोट टोचून साखर पाहिली. ४२ होती. घोट गिळता येत होता म्हणून तिने साखरेचे पाणी पाजले आणि त्यांना रुग्णालयात नेले. माणूस वाचला. ती झोपू दिली असती तर हे वाक्य मला लिहिता आले नसते.

झाले काय? लांब पळाल्यावर यकृत आणि स्नायू यांतला साखरेचा साठा संपत येतो आणि पुढचे कित्येक तास स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात. एरवी यकृत नवी साखर तयार करून तूट भरून काढते. पण मद्यार्क मोडण्यात गुंतलेले यकृत हे काम बाजूला ठेवते. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी इन्सुलिन वाढवते. तिन्ही गोष्टी एकाच रात्री जमल्या. आणि साखर उतरल्याची लक्षणे, म्हणजे घाम, थरथर, अडखळते बोलणे, भ्रमिष्टपणा, हुबेहूब नशेसारखी दिसतात. इन्सुलिन किंवा अशा गोळ्या घेणाऱ्याने लांब पळण्याच्या दिवशी मद्य घेऊच नये, असे मी सांगतो. घरच्यांनी 'चढली आहे' म्हणण्यापूर्वी साखर तपासावी. यंत्र नसेल तर साखर उतरली आहे असेच धरून चालावे. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नये, १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. या गोळ्यांचा अंमल तासन्‌तास टिकतो. म्हणून बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे.

मधुमेह नसणाऱ्यांनाही दोन सूचना आहेत. पळून गुडघा दुखतो म्हणून आयब्युप्रोफेन वा डायक्लोफेनॅक आणि वर बिअर, हा मेळ जठराला रक्तस्राव घडवू शकतो आणि पाणी कमी असलेल्या शरीरात मूत्रपिंडांना त्रास देतो. दुसरे, अंगठ्याचा सांधा रात्रीत सुजून लाल झाला की धावपटू बुटाला दोष देतो. कित्येकदा दोष बिअरने वाढलेल्या युरिक आम्लाचा असतो. बूट बदलण्याआधी रक्त तपासा.

मी स्वतः काय करतो, असे विचाराल तर सांगतो. लांब पळण्याच्या आदल्या रात्री घेत नाही. पळण्याआधी व नंतर वजन करतो. जितके किलो कमी, तितके लिटर आणि वर थोडे अधिक पाणी, मीठ घातलेले ताक, लिंबू सरबत असे दिवसभरात भरून काढतो. उसळ-भाकरी किंवा अंडी खातो. लघवीचा रंग फिका होईपर्यंत ग्लासाचा विषय काढत नाही. मग संध्याकाळी जेवणाबरोबर पाच टक्क्यांच्या आतली एक, सावकाश. क्राफ्ट बिअर मला आवडते ती याचसाठी, की एका ग्लासात तासभर गुंतून राहता येते. दुसऱ्याचा आग्रह झाला तर पाणी मागतो. पुण्यातले वेटर आता मला ओळखतात.

आणि परतीचे. पुणे ते सातारा सुमारे ११० किलोमीटर, मध्ये खंबाटकीचा घाट. कायद्याने १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपर्यंतच मद्यार्क चालतो. मी त्या दिवशी गाडी घेऊनच जात नाही, स्वारगेटहून एस.टी.ने येतो.

गुडघ्यांविषयी अनेक वाचकांची पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे पुढील आठवड्यात.