गृहखर्चातील काटकसर आणि हंगामी खरेदी : भिवापूरच्या संदर्भात

नागपूर जिल्ह्यातील भिवापूर हे भौगोलिक मानांकन लाभलेल्या मिरचीसाठी प्रसिद्ध आहे. उन्हाळ्यात मिरची वाळवून, कांडून वर्षभराचे तिखट साठविणे ही विदर्भातील गृहिणींची रूढ काटकसर होय. हंगामातील घाऊक खरेदी स्वस्त पडते. मात्र तीसाठी एकरकमी पैसा लागतो. रोजमजुरीवर जगणारे कुटुंब तेच तिखट पुडीपुडीने, चढ्या दराने विकत घेते. म्हणजेच येथे उणीव काटकसरी वृत्तीची नसून हातातील रोखीची असते. महिला बचत गट ही उणीव भरून काढू शकतो. दहा सदस्यांनी दरमहा १०० रुपये जमा केल्यास सहा महिन्यांत ६,००० रुपये उभे राहतात व हंगामी खरेदी एकत्रितपणे करता येते. म्हणूनच गृहखर्चाचा विचार करताना काटकसरीच्या उपदेशाआधी भांडवलाची उपलब्धता तपासणे अगत्याचे ठरते.