लहान प्रदेशाचा संघ

पांढुर्णा आणि सौंसर ही नावे आमच्या किनारपट्टीवरील वाचकांच्या कानी क्वचितच पडत असतील. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जांब नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीची बातमी दरसाल येते. पात्रात रोवलेल्या पळसाच्या झाडावरील झेंड्यासाठी किती जण जायबंदी झाले, त्याचा आकडा छापला जातो आणि मग वर्षभर कोणी त्या गावाचे नाव काढीत नाही. दगडांऐवजी रबरी चेंडू वापरावेत, हा प्रशासनाचा प्रयत्नही तेथे फसला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्य प्रदेशाकडेच राहिलेला, घराघरांतून मराठी बोलणारा हा संत्र्यांचा मुलूख केवळ एवढ्यावरून ओळखला जावा, हे आम्हांस अन्यायाचे वाटते. २०२३ च्या ऑक्टोबरात हे दोन्ही तालुके छिंदवाड्यापासून वेगळे होऊन पांढुर्णा हा नवा जिल्हा झाला. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, पाट्या बदलल्या. पण जिल्हा झाला म्हणजे जिल्ह्याचा संघही झाला पाहिजे, आणि आज आम्हांस बोलावयाचे आहे ते या संघाविषयी.

लहान प्रदेशाला स्वतःचा संघ लाभला म्हणजे काय घडते, हे पाहावयाचे तर मॉरिशसकडे पाहावे. हा देश आम्हांस परका नाही. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीच्या बाजूची कित्येक कुटुंबे गिरमिटाखाली त्या बेटावर ऊस तोडावयास गेली. त्यांचे वंशज आज घरात क्रिओल बोलत असले तरी गणपती आणतात आणि गणेश चतुर्थीस तेथे सार्वजनिक सुटी असते. १२ मार्च १९६८ रोजी स्वतंत्र झालेल्या या राष्ट्राचे क्षेत्रफळ अवघे २,०४० चौरस किलोमीटर, म्हणजे आमच्या ३,७०२ चौरस किलोमीटरच्या गोव्याहूनही कितीतरी कमी. लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख. एवढ्याशा देशाच्या महिलांनी २०१६ साली आपल्याच रोझ हिल येथे आफ्रिका खंडाची सांघिक बॅडमिंटन स्पर्धा जिंकली आणि त्या चीनमधील कुनशान येथे उबेर चषकासाठी गेल्या. २०१८ साली अल्जिअर्स येथे त्यांनी पुन्हा तोच पराक्रम केला आणि त्या बँकॉकला पोहोचल्या. नायजेरियासारखे, लोकसंख्येने शंभरपटींहून मोठे देश मागे राहिले!

जागतिक स्पर्धेत दोन्ही वेळा त्यांची मजल गटातील सामन्यांपलीकडे गेली नाही. कोरियासारख्या संघापुढे ती जाणार कशी? परंतु त्या वर्षांत मॉरिशससाठी खेळलेल्या मुलींची नावेच पाहा : केट फू कुन, कोबिता दूखी, गणेशा मुंगरा, ऑरेली आले. कोणाचे पूर्वज चीनमधून आले असतील, कोणाचे आमच्या देशातून, कोणाचे आणखी कोठून. सदरा मात्र एक. २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये मॉरिशसचा ध्वज कॅरेन फू कुन हिच्या हाती होता, २०१६ साली रिओमध्ये केटच्या हाती. दोघीही बॅडमिंटनपटू. ज्या मुलीला पदकाची आशा धरता येत नाही तिला राष्ट्राने ध्वज दिला, यात आम्हांस त्या राष्ट्राचे शहाणपण दिसते.

स्वतःचे नाव असण्याचा हा लाभ गोव्यालाही ठाऊक आहे. लहानशा गोव्याने वेगळे राहावे की नाही, हा वाद १९६७ च्या जनमत कौलात किती पेटला होता, हे जुन्या वाचकांस आठवत असेल. ती राख आम्ही उकरू इच्छित नाही. १९८७ साली घटक राज्य झालेल्या या भूमीने २०२३ च्या ऑक्टोबरात, म्हणजे पांढुर्णा जिल्हा झाला त्याच महिन्यात, राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांचे यजमानपद भूषविले. मूळ गोमंतकीय असलेली तनिषा क्रास्टो पुढल्याच वर्षी पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये अश्विनी पोन्नप्पा हिच्या जोडीने भारताकडून उतरली. गटातले तिन्ही सामने त्या हरल्या, तरी पॅरिसपर्यंत पोहोचणे ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता सौंसरच्या मुलीचा विचार करा. कालपरवापर्यंत ती ज्या जिल्ह्यात होती, तो क्षेत्रफळाने मध्य प्रदेशातला सर्वांत मोठा जिल्हा. शालेय स्पर्धांची उतरंड तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी. छिंदवाड्याच्या चमूत नाव लागले तरच पुढली वाट. नागपूर तिला जवळ आहे, आणि २०२२ साली सायना नेहवालला हरविणारी मालविका बनसोड त्याच नागपूरची. शिकावयास नागपूर सोयीचे, पण खेळावयाचे ते जबलपूर विभागातून, भोपाळच्या दिशेने तोंड करून. भाषा एकीकडे, राज्य दुसरीकडे, अशा सीमेवरच्या मुलांची ही ओढाताण जिल्हा बदलल्याने संपणार नाही. परंतु पहिली पायरी आता तिच्या अंगणात आली आहे. जिल्ह्याच्या संघात जेवढ्या जागा, तेवढ्या आता पांढुर्णा-सौंसरच्याच मुलांच्या.

बॅडमिंटनच का, असे कोणी विचारील. या खेळाचे आरंभीचे नियम १८७० च्या दशकात पुण्याच्या छावणीत बांधले गेले आणि खेळालाही काही काळ ‘पूना’च म्हणत. सांगलीचे नंदू नाटेकर यांनी १९५६ साली मलायात आंतरराष्ट्रीय विजेतेपद पटकावले. असे यश मिळविणारे ते पहिले भारतीय. हा अभिमान बाजूस ठेवला तरी साधा हिशेब उरतोच. क्रिकेटला मैदान लागते. येथे ४४ फूट लांब नि २० फूट रुंद जागा पुरते, भोवती थोडी मोकळीक, वर उंच छत आणि वारा आत येणार नाही अशा भिंती. पिसांचे फूल वाऱ्यापुढे टिकत नाही, म्हणून उघड्या अंगणातला खेळ तो खेळ नव्हे.

नव्या जिल्ह्यात जी शासकीय इमारत यापुढे उठेल, तिच्या आराखड्यात असे एक दालन मागून घ्यावे. एक पांढुर्ण्यास, एक सौंसरला. दोन्ही गावांनी एकाच दालनासाठी भांडू नये, एवढी मात्र आमची विनंती आहे. जांबेच्या पात्रातील झेंड्याचे भांडण त्यांना पुरेसे आहे.