फोटोशॉपची ओळख : डाग कोणता, गोंदण कोणते?

घरातील जुनी छायाचित्रे स्कॅन करून ती सुधारावीत, असे अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेकांना वाटते. परंतु फोटोशॉप उघडताच साधनांची गर्दी पाहून धीर खचतो. मिशिगन विद्यापीठात संशोधन करताना थॉमस नॉल यांनी १९८७ मध्ये लिहिलेल्या छोट्या प्रोग्रॅममधून बंधू जॉन यांच्या साहाय्याने हे सॉफ्टवेअर साकारले. १९९० मध्ये ते अडोबीने बाजारात आणले.

त्याची मांडणी सोपी आहे. डावीकडे साधनपट्टी, वर निवडलेल्या साधनाचे पर्याय, मध्ये छायाचित्र आणि उजवीकडे लेयर्स. आरंभी तीन साधने पुरेत : कडा छाटण्यासाठी क्रॉप, बारीक डाग बुजवण्यासाठी हीलिंग ब्रश आणि फाटलेल्या जागी शेजारचा भाग उमटवणारा क्लोन स्टॅम्प.

मात्र प्रथम कंट्रोल-जे (मॅकवर कमांड-जे) दाबून मूळ लेयरची प्रत करावी व सारे काम प्रतीवरच करावे. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर्सची सोय आली, ती याचसाठी मोलाची आहे. पणजीच्या कपाळावरचे गोंदण आणि कागदावरचा डाग यांतील फरक सॉफ्टवेअरला कळत नाही. पुसण्यापूर्वी गावाकडच्या वडीलधाऱ्यांना एक फोन अवश्य करावा.