प्रसूतिरजेचा बोजा कोणाच्या माथी?

मुंबई इलाख्यातील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांना प्रसूतिकाळी भत्ता देवविणारे विधेयक १९२८ साली विधिमंडळापुढे असताना, हा बोजा बहुतांशी सरकारने उचलणे रास्त असले तरी मालकालाही त्यातून सर्वस्वी मुक्त होता येणार नाही, असे डॉ. आंबेडकरांनी प्रतिपादिले होते. १९२९ मध्ये त्याचा कायदा झाला. १९६१ च्या अखिल भारतीय कायद्याने बारा आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती २६ आठवड्यांची सवेतन रजा स्त्रीच्या पदरात पडली. परंतु कामगार राज्य विमा योजनेबाहेरील आस्थापनांत हा सारा पगार मालकाच्याच खर्ची पडत असल्यामुळे, नेमणुकीच्या वेळीच नवविवाहितेचे नाव मागे सारण्याचा मोह त्याला होतो, आणि तो अनाकलनीय नाही. पाळणाघरात दिवसातून चार खेपा घालण्याची मुभाही त्या दुरुस्तीने दिली, तीसुद्धा मातेलाच. पित्यासाठी तीत रजेचा एक दिवसही नाही.