काळ्या फत्तरांतील शंख आणि डॉक्टर माल्कमसन

पलूसच्या परिसरांत विहीर खणतांना काळ्या मातीखालीं काळा फत्तर लागतो. हा फत्तर म्हणजे पृथ्वीच्या पोटांतून निघून थंड झालेला तप्त रस होय. महाराष्ट्राचा बराच मोठा भाग त्याच्याच थरांनीं बनला आहे. अशा अग्निरसांत जीव कोठून असणार? तथापि याच थरांच्या दरम्यान शंख सांपडले, आणि त्यांची साक्ष जगापुढें मांडणाऱ्या पहिल्या अभ्यासकांपैकीं एक गृहस्थ व्यवसायानें डॉक्टर होते. त्यांचा परिचय आम्ही येथें करून देतों.

डॉ. जॉन ग्रँट माल्कमसन हे मूळचे स्कॉटलंडांतील फॉरेस गांवचे. मद्रास इलाख्यांत ते कंपनी सरकारचे सर्जन होते. बेरीबेरी रोगावरील त्यांचा प्रबंध १८३५ सालीं मद्रासेस प्रसिद्ध झाला. परंतु रोग्याची नाडी पाहणाऱ्या या डॉक्टरांस दगडांचेंही वेड होतें. हैदराबादेहून नागपुराकडे जातांना लागणाऱ्या निर्मळच्या डोंगराळ मुलुखांत, काळ्या फत्तराच्या सान्निध्यांत, त्यांस लहान शंख व शिंपले असलेले दगड आढळले. हा वृत्तांत १८३७ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळापुढें वाचला गेला व १८४० सालीं छापला गेला. शंखांचें वर्णन सॉवर्बी यांनीं केलें; त्यांतील एकास अशोकाचे शिलालेख उलगडणाऱ्या जेम्स प्रिन्सेप यांच्यावरून 'फायसा प्रिन्सेपाय' असें नांव मिळालें.

या शंखांचें एवढें महत्त्व कां? फायसा ही गोड्या, संथ पाण्यांतील गोगलगाय. अर्थात् एक रसप्रवाह थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत त्या जागीं तळीं सांचलीं, जीव वाढले, त्यांचे वंश चालले. तो अग्निप्रलय अखंड नव्हता. मध्यें शांततेचे दीर्घ काळ गेले. आजच्या गणनेप्रमाणें ही हकीकत सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वींची आहे.

पुढें माल्कमसन मुंबईस आले. १८४४ सालीं खानदेशांत धुळें येथें तापानें त्यांचा अंत झाला. परंतु काम थांबलें नाहीं. १८४५ सालीं नागपुरास आलेले मिशनरी रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनीं तिकडील असेच शंख गोळा करून त्यांचीं वर्णनें १८६० सालीं प्रसिद्ध केलीं. १८६३ सालीं तेही संशोधनाहून परततांना ओढ्यांत बुडून वारले.

विद्यार्थ्यांनीं भिलवडीस किंवा औदुंबरास कृष्णाकांठीं जावें तेव्हां एखादा रिकामा शंख हातीं घ्यावा. टोंक वर व तोंड आपल्याकडे धरलें असतां बहुतेक शंखांचें तोंड उजवीकडे दिसतें. फायसाचें मात्र डावीकडे. देवाच्या सृष्टींत इतकी लहान खूणही व्यर्थ नसते.

पालकांसही एक विनंति. खिशांत शंख-दगड भरून आणणाऱ्या मुलावर एकदम रागावूं नये. वस्तु कोठें व कोणत्या थरांत सांपडली, तें त्याजकडून कागदावर लिहवून घ्यावें. शंखाचें स्थळ विसरलें कीं त्याची निम्मी साक्ष बुडाली.