रेषानुसारी रोबोटची धावपट्टी

रेषानुसारी रोबोटची धावपट्टी म्हणजे पांढऱ्या पृष्ठभागावर काळ्या रेषेने आखलेला मार्ग होय. शालेय स्पर्धांमध्ये विद्यार्थ्यांनी तयार केलेला छोटा रोबोट कोणीही हात न लावता या रेषेवरून धावतो. नीती आयोगाच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत निवड झालेल्या शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते. योजनेबाहेर राहिलेल्या शाळांना, विशेषतः हिंगोलीसारख्या जिल्ह्यातील ग्रामीण शाळांना, धावपट्टी स्थानिक साहित्यातूनच उभारावी लागते. त्यात कमीपणा नाही. रोबोटला पट्टीची किंमत कळत नाही, रेषा व पार्श्वभूमी यांतील फरक तेवढा कळतो.

तत्त्व

रोबोटच्या पुढील भागात जमिनीलगत संवेदक बसवलेले असतात. ते अवरक्त प्रकाश सोडतात व परत येणारा प्रकाश मोजतात. पांढरा पृष्ठभाग हा प्रकाश परावर्तित करतो, काळा शोषून घेतो. (याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेच्या ४ किलोमीटर लांबीच्या भुजांमध्येही अवरक्त लेसरच वापरला जाणार आहे.) मात्र डोळ्यांना काळी दिसणारी प्रत्येक वस्तू अवरक्त प्रकाशात काळी नसते. काजळीयुक्त रंग हा प्रकाश चांगला शोषतो; उलट काही मार्कर पेनांची शाई व काही काळी कापडे तो परावर्तित करतात. अशी रेषा परीक्षकांना ठळक दिसते, रोबोटला दिसतच नाही. म्हणून संपूर्ण पट्टी आखण्यापूर्वी एका तुकड्यावर चाचणी घेणे आवश्यक असते.

साहित्य व आखणी

मागची बाजू पांढरी असलेला जुना फ्लेक्स फलक हे सर्वांत स्वस्त साहित्य. वाढदिवस व निवडणुकांच्या कृपेने त्याचा तुटवडा भासत नाही. फलक घडी न घालता गुंडाळून ठेवावा, कारण घडीच्या उंचवट्यावर संवेदकाचे जमिनीपासूनचे अंतर बदलते. शहाबादी फरशीवर थेट पट्टी आखू नये. फरशीचे काळपट सांधे रोबोटला रेषेसारखे भासतात.

रेषेसाठी वायरमन वापरतात ती काळी चिकटपट्टी पुरते. तिची रुंदी साधारण १८ ते १९ मिलिमीटर असते. वळणावर ती ओढून लावल्यास सुरकुत्या पडतात व कडा सुटतात. त्यामुळे खिळा, दोरी व खडू यांनी आधी वर्तुळखंड काढून त्यावर लहान तुकडे किंचित एकमेकांवर चढवून लावतात. वळणाची त्रिज्या रोबोटच्या लांबीपेक्षा कमी नसावी, आणि शेजारच्या दोन रेषांत रोबोटच्या रुंदीहून अधिक अंतर असावे. अन्यथा रोबोट भलत्याच रेषेवर जातो.

जागतिक रोबोट ऑलिम्पियाडच्या रोबोमिशन गटातील चटईचे माप २३६२ × ११४३ मिलिमीटर आहे. ती ८ × ४ फुटांच्या प्लायवूडवर मावते, म्हणून शाळेतील सरावाची पट्टीही त्याच मापाची ठेवणे सोयीचे.

स्पर्धेतील समानता

सूर्यप्रकाशातही अवरक्त किरण असतात. सकाळी खिडकीजवळ अचूक धावलेला रोबोट दुपारी ऊन पट्टीवर आल्यावर भरकटतो, आणि नंतरच्या फेरीतील संघाचे महिनोन्महिन्यांचे श्रम वाया जातात. सर्व फेऱ्या पडदे लावलेल्या खोलीत घेतल्यास हे टळते. आयोजकांनी रेषेची रुंदी, पृष्ठभागाचा प्रकार व सर्वांत लहान वळणाची त्रिज्या आधीच जाहीर केल्यास घरच्या पट्टीवर सराव करणाऱ्या मुलांनाही तीच संधी मिळते. प्रत्यक्ष मार्ग गुप्त ठेवण्यास हरकत नसते. प्रत्येक संघाला धावेपूर्वी त्याच पट्टीवर संवेदक जुळवून घेण्यासाठी काही मिनिटे द्यावी लागतात.