माल आधी कोणाला? बुरुडाचा बांबू आणि कारखान्याचा बांबू

छोट्या दुकानदाराचं एक दुखणं तुम्ही ऐकलं असेल. गिऱ्हाईक दारात उभं असतं, पण माल नसतो. ठोक व्यापाऱ्याने तो आधीच मोठ्या दुकानाकडे पाठवलेला असतो. याला आपण सहज 'स्पर्धा' म्हणून टाकतो. हा शब्द इथे कितपत बसतो, ते आज तपासू. उदाहरण आपल्याच चंद्रपूर-गडचिरोलीतलं घेऊ, बांबूचं.

इथे बांबूला जुने दोन गिऱ्हाईक. एक बुरुड, जो सूप, टोपली, परडी विणतो. दुसरा कागद कारखाना. बल्लारपूरची कंपनी 1945 साली स्थापन झाली. जंगल एकच, पण दोघांची गरज बघा. कारखाना बांबूचे तुकडे करून लगदा शिजवतो, त्यामुळे वाकडा, वाळलेला, कसाही चालतो. तो टनांत मोजतो. बुरुडाला हिरवा, सरळ, लांब पेरांचा बांबू लागतो, कारण वाळल्यावर त्याच्या पट्ट्या नीट निघत नाहीत. तो नग मोजतो. म्हणजे त्याला साठा करून ठेवता येत नाही. थोडा, पण वरचेवर लागतो.

आता व्यवस्था कोणाच्या मापाने बनली? मोठ्याच्या. कारखान्यांना जंगलाचे लांब मुदतीचे करार मिळाले, दरही करारातच ठरले. शेजारच्या कर्नाटकात दांडेलीच्या कारखान्याला 1958 साली बांबू दीड रुपया टन दराने देऊ केला होता. पुढे टोपल्या विणणारे बाजारात जो बांबू घेत, त्याचा भाव टनाला हजारांत गेला. या कारागिरांच्या तक्रारींवरून 1975 साली माधव गाडगीळांनी तिथल्या बांबूचा अभ्यास सुरू केला. तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना सांगितलं की, बेटाच्या बुडाशी असलेलं काटेरी आवरण तोडलं की कोवळे कोंब गुरं खातात. ही गोष्ट ज्याला रोज बेटाकडे जावं लागतं, त्यालाच आधी दिसते.

कोणी म्हणेल, सगळ्यांना एकच नियम लावा, लिलाव करा, झालं. पण हजारो टनांचा लिलाव असेल, तर पन्नास बांबू हवे असणारा माणूस बोली लावणार कशी? ॲरिस्टॉटलने फार पूर्वी सांगून ठेवलंय : समानांना असमान वागवणं जसा अन्याय, तसाच असमानांना समान वागवणं हाही अन्याय. बुरुड बोलीत हरत नाही, बोलीच्या दारापर्यंतच पोचत नाही. म्हणून मी म्हणतो, ही स्पर्धा नव्हे, हा रांगेचा प्रश्न आहे.

रांग बदलता येते का? धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाकडे बघा. 2006 च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानलं. 2009 मध्ये गावाला सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. तरी बांबू विकता येईना, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात! मालकी गावाची, पण फाटकाची किल्ली दुसऱ्याकडे. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत परवान्यांचं पुस्तक ग्रामसभेकडे आलं.

पण इथे थांबू नका. ग्रामसभाही विक्रेतीच झाली. एकगठ्ठा रोख देणारा मोठा खरेदीदार तिलाही सोयीचा वाटणार, आणि त्यात गैर काही नाही. तो पैसा गावाचा आहे. फरक एवढाच की, आता बुरुडाला आपलं म्हणणं मांडायला जवळची जागा आहे. विक्रीआधी काही हिरवे, निवडक बांबू नगावर बाजूला काढून ठेवायचे का, हा निर्णय ग्रामसभा एका बैठकीत घेऊ शकते.

तेव्हा बाजार खुला आहे असं कोणी सांगितलं, की दोन प्रश्न विचारा. माल कोणत्या मापाने विकला जातोय? आणि ते माप ठरवताना छोटा गिऱ्हाईक बैठकीत होता का?